नवं कापड फाडून गोधडी?

आमच्या हॉलमध्ये सध्या सरळ चालता येत नाही. डायनिंग टेबलवर हिरवी कटिंग मॅट, खुर्चीवर इस्त्री, आणि सोफ्यावर रंगाप्रमाणे लावून ठेवलेले सुती कापडाचे तुकडे. बायकोने दोन वर्षांपूर्वी क्विल्टिंग सुरू केलं. मला वाटलं होतं, घरचा ब्रेड आणि कुंडीतल्या मिरच्यांसारखं हेही तीन महिन्यांत थंडावेल. नाही थंडावलं. आत्तापर्यंत एक टेबल रनर, भाचीच्या बाळासाठी दुपटं आणि दोन पूर्ण क्विल्ट झाले आहेत. तिसरा चालू आहे. 'लॉग केबिन' पॅटर्न, म्हणजे मधे एक चौकोन आणि त्याच्याभोवती पट्ट्यांवर पट्ट्या. (प्रोग्रॅमर मंडळींना सांगायचं तर साधा लूप आहे, फक्त प्रत्येक फेरीला इस्त्री करावी लागते.)

मागच्या महिन्यात मुंबईला एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा, त्यामुळे सकाळ मंगळदास मार्केटमध्ये. मी पिशव्या धरायला. अमेरिकेत क्विल्टवाल्यांना दुकानात 'फॅट क्वार्टर' मिळतं, म्हणजे अर्धा वार कापड मधोमध कापून केलेला १८ इंच बाय २२ इंचांचा तुकडा. आपल्याकडे ही भानगड नाही. बायकोने पाव मीटर मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, ब्लाउजला पण ऐंशी सेंटिमीटर लागतं." शेवटी सतरा प्रकारचं कापड प्रत्येकी एक मीटर घेतलं. हिशोब विचारू नका, मीही विचारला नाही.

घरी आल्यावर आईने पिशवी उघडली. आईला कापड कळतं. डोळ्यांनी बघत नाही, अंगठा आणि तर्जनीत धरून चोळते. "चांगलंय गं. काय शिवणार?"

"याच्या पट्ट्या कापणार, आई."

"आणि मग?"

"मग त्या जोडणार."

आईने कापड खाली ठेवलं. "नवं कापड फाडून गोधडी?"

बायको हसत म्हणाली, "मग तुमच्या ट्रंकेतली आजींची दोन लुगडी द्या की. ती तर जुनीच आहेत."

"ती नाही मिळायची," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

बस, एवढंच. भांडण म्हणावं असं काही नाही, पण चहा शांततेत झाला. अशा वेळी दोन्ही बाजू मला साक्षीला बोलावतील या भीतीने मी इतिहासात पळतो. तर या वीकेंडचा उद्योग हा: नवं कापड कापून ठिगळं जोडायचा प्रकार कधी सुरू झाला?

माझी (आणि बहुधा तुमचीही) समजूत अशी की आधी गरिबी होती, चिंध्या होत्या, त्यातून क्विल्ट झाले आणि नंतर श्रीमंतांनी त्याची हौस केली. निघालं बरंच उलटं.

इंग्लंडमध्ये कंब्रियात लेव्हन्स हॉल नावाचा जुना वाडा आहे. तिथे साधारण १७०८ सालचा मानला जाणारा एक पॅचवर्क क्विल्ट आहे, इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या क्विल्टांपैकी एक. तो शिवलाय भारतातून गेलेल्या चिटाच्या कापडाचा! चीट म्हणजे फुलाफुलांचं छापील किंवा कलमाने रंगवलेलं सुती कापड. आपल्या आज्या 'चिटाचं झंपर' म्हणायच्या ना, तेच. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द त्याच कुळातला. कोरोमंडल किनाऱ्यावर मच्छलीपट्टणच्या आसपास हे कापड रंगायचं आणि धुतलं तरी रंग जायचा नाही. युरोपातल्या रंगाऱ्यांना सुती कापडावर हे तेव्हा जमत नव्हतं, त्यामुळे तिकडच्या बायका चिटासाठी वेड्या झाल्या होत्या.

मग तिथले लोकर आणि रेशीम विणणारे खवळले. १७०० साली इंग्लंडच्या संसदेने छापील आणि रंगवलेल्या कापडाच्या आयातीवर बंदी घातली. तेवढ्याने भागेना, म्हणून १७२१ साली दुसरा कायदा झाला: असं सुती कापड अंगावर घालायचं नाही आणि घरात पलंग, खुर्ची, उशी यांनाही वापरायचं नाही. डिसेंबर १७२२ पासून अंमल. म्हणजे गादीवर काय पसरायचं यावर कायदा! आता ज्या बाईकडे असं कापड आहे ती ते टाकून देईल का? तुकडा न् तुकडा जपणार. पुढे एक तऱ्हाच निघाली. महागड्या चिटातली फुलं, पक्षी, झाडं कातरून घ्यायची आणि साध्या पांढऱ्या कापडावर लांब लांब टाचायची. एक वार चीट अख्ख्या पलंगाला पुरवायचं. कापड नवं, बाई खात्यापित्या घरची, कात्री मुद्दाम चालवलेली.

अमेरिकेतही तेच. जंगलातल्या लाकडी झोपडीत थंडीने कुडकुडणारी वसाहतीतली बाई चिंध्या जोडतेय, हे चित्र कॅलेंडरवर छान दिसतं. पण इतिहासकारांनी त्या काळच्या मयत लोकांच्या मालमत्तेच्या याद्या तपासल्या, तर त्यात क्विल्ट थोडे आणि तेही किमती. गरिबांच्या अंगावर ब्लँकेटं. शिवाय पॅचवर्कला तुकडे हवेत आणि तुकडे उरायला आधी भरपूर कापड हवं. ते आलं १८२० नंतर, मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेल वगैरे ठिकाणी गिरण्या सुरू झाल्यावर. त्या गिरण्यांना कापूस पुरवत होती दक्षिणेतली गुलामांची शेतं. छापील सुती कापड स्वस्त झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घरोघरी क्विल्ट दिसू लागले. म्हणजे आज आपण ज्याला 'काटकसरीची कला' म्हणतो ती स्वस्ताईचं अपत्य आहे. बायकोच्या बाजूने एक गुण.

पण मग आपली गोधडी? ती वेगळीच वस्तू आहे, हे मला इतकी वर्षं तिच्यात झोपूनही कळलं नव्हतं. क्विल्टमध्ये वर जोडकाम, मधे कापसाची पातळ गादी आणि खाली अस्तर असतं. गोधडीत मधे भरायला वेगळं काही आणायचंच नाही. थर जुन्या कापडाचेच. वर-खाली लुगडं, आत विरलेली धोतरं, सदरे, परकर, जे असेल ते, आणि सगळं एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. तुकडे जोडून नक्षी हा दुय्यम भाग. ठिगळ जिथे फाटलं तिथे.

आणि मोजमाप बघा. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण ८.२ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की सव्वादोन वार, म्हणजे दोन मीटरच्या थोडं वर. बरोबर एका माणसाच्या अंथरुणाची लांबी, चार थर तयार, आणि कात्रीला हात लावायची गरज नाही! सहावारीचं हे जमत नाही. तीन घड्या केल्या तर दोन वार, म्हणजे सहा फूट. डोक्यावरून ओढली की पाय उघडे. (अंथरूण पाहून पाय पसरावे ते इथे अगदी शब्दशः.) नऊवारी मागे पडून सहावारी आली, मग सुताच्या जागी नायलॉन आणि टेरिलिन आलं, जे घाम शोषत नाही आणि ज्याच्यावर टाका घसरतो. गोधडी घरातून गेली त्याला हेही एक कारण असणार, असं माझं मत.

मी टाकेही मोजले. (रविवार होता.) दीड मीटर बाय २.१ मीटरची गोधडी, दोन-दोन सेंटिमीटरवर दोरा, म्हणजे ७५ ओळी. एकूण शिवण साधारण १५७ मीटर. इंचाला तीन टाके धरले तर साडेअठरा हजार टाके. चार-पाच थरांतून सुई काढायची तर टाक्याला चार सेकंद तरी धरा. वीस-एकवीस तास, तेही न थांबता. चिंध्या फुकट आहेत हे खरं, पण हे एकवीस तास कुणाच्याच हिशोबात नाहीत.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापड गिरणी १८५४ साली काढली, ती १८५६ मध्ये सुरू झाली. आधी लँकेशायरचं आणि मग मुंबईचं गिरणी-कापड आलं, तरी खेड्यातल्या घरात कापड ही जपूनच वापरायची गोष्ट राहिली. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडला धावला. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागलं, पण ज्याला एक धोतर घ्यायचं होतं त्याला ते महाग झालं. (त्याच वर्षांत अमेरिकेतल्या बायका सैनिकांसाठी क्विल्ट शिवून पाठवत होत्या.) दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. भाव इतके चढले की १९४३ साली सरकारला सूत आणि कापडावर नियंत्रण आदेश काढावा लागला. जुन्या माणसांच्या बोलण्यात 'कंट्रोलचे दिवस' येतात ते हेच.

हे सगळं मी रविवारी संध्याकाळी आईला उत्साहाने सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. चिटाची गोष्ट तिने ऐकून घेतली. नऊवारीच्या चार घड्यांचं गणित सांगितल्यावर म्हणाली, "हे तुला पुस्तकात बघावं लागलं होय?" मग आपणहून बोलायला लागली. असं ती क्वचित बोलते.

सातारा जिल्ह्यातलं गाव, घरात आठ माणसं. माझी आजी घरच्या गोधड्या शिवायचीच, शिवाय दुसऱ्यांच्याही शिवून द्यायची, ज्वारीवर. उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर दोघी-तिघी बसायच्या. बाहेरून दिसायला गप्पा, पण संध्याकाळी बोटांची टोकं काळी पडलेली असायची. गोधडी धुवायची तर नदीवर न्यायची, भिजली की दोघींनाही पिळता यायची नाही. पावसाळ्यात वाळायचीच नाही, मग ओल्या कुबट वासातच झोपायचं. शिवणींत ढेकूण. धाकट्या मामाने अंथरूण ओलं केलं की त्याच गोधडीच्या कोरड्या कोपऱ्यावर सरकायचं.

"तुम्ही लोक त्याला माया म्हणता," आई म्हणाली, "आजीच्या लुगड्याची ऊब वगैरे. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं."

१९७४ साली ती शिक्षिका झाली. पहिल्या पगारात तिने दोन सोलापुरी चादरी घेतल्या आणि गावी नेल्या. विकतच्या, नव्या, घडीच्या. पुढे दर दिवाळीला आजीला लुगडं. ट्रंकेतली दोन इरकली त्यातली. आजीने ती जपून नेसली, आणि ती गेली तेव्हाही ती धड होती.

"आईच्या आयुष्यातली बाकी सगळी लुगडी गोधडीत गेली," आई म्हणाली. "ही दोनच राहिली."

मी गप्प बसलो. माझ्याकडे अजून बरंच मटेरियल होतं खरं तर. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांचं सांगायचं होतं, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांचं. शेतात घालून विटलेल्या पँटी आणि सदऱ्यांचे क्विल्ट त्यांनी थंडीसाठी शिवले. १९७२ साली त्या भागातल्या बायकांच्या सहकारी संस्थेला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं, तर त्याची कातरणंही त्यांच्या क्विल्टांत गेली. २००२ साली ते क्विल्ट न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागले, २००६ साली त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. समीक्षकांना त्यात आधुनिक चित्रकला दिसली. हे मी आईला सांगितलं असतं तर तिने एकच विचारलं असतं, की त्या बायका स्वतः आता कशात झोपतात.

बायको दारात उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळलं. लुगड्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मंगळवारी मी ऑफिसातून आलो तर दोघी जमिनीवर बसलेल्या. लॉग केबिनचा वरचा भाग पूर्ण झाला होता. आत घालायची कापसाची गादी ऑनलाइन मागवायची तर क्वीन साइजची किंमत बघून बायको दोन आठवडे थांबली होती. आईने कपाटातून सोलापुरी चादर काढून मधे अंथरली होती. १९७४ मधली नव्हे, ती केव्हाच संपली. ही त्यानंतरची कुठलीतरी, मधे विरलेली, पण सूत अजून जाड. ती जिथे आखूड पडत होती तिथे दुसऱ्या एका चादरीची पट्टी जोडली होती.

"नव्याच्या पोटात जुनं चालतं," आई म्हणाली. "बाहेरून दिसत नाही."

चादर जाड असल्यामुळे मशीनची सुई दोनदा मोडली. आता अठरा नंबरची लावली आहे.