थ्री नॉट थ्री की थ्री फिफ्टीन

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाटातल्या अभयारण्यात वाघ दिसला. पार यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. धाराशिवात तेव्हा दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर आम्ही जुनी खोडं जमलो की वाघावरून गाडी शिकारीवर जायची, आणि शिकारीवरून हमखास एकाच वादावर यायची: एकनळी बंदुकीत कोणत्या छर्ऱ्यांचं काडतूस भरावं, एलजी की एसजी? वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सशापलीकडे काही मारलं नसावं. मी गप्प बसायचो. मी तर ससाही मारलेला नाही.

बंदुका मी फक्त लिहिल्या, तब्बल २३ वर्षं. मराठवाड्यातल्या एका कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर मी कारकून होतो. तिथे बंदूक म्हणजे वहीतले चार रकाने: प्रकार, बोअर, नंबर, काडतुसं. एसबीबीएल म्हणजे एकनळी, डीबीबीएल म्हणजे दुनळी, एमएल म्हणजे ठासणीची.

एलजी-एसजीचा प्रश्न दुनळीवाल्याला फारसा पडत नाही. एका नळीत हे, दुसऱ्या नळीत ते, समोर जे येईल त्याप्रमाणे चाप ओढायचा. एकनळीवाल्याला मात्र संध्याकाळी माळ्यावर चढतानाच ठरवावं लागायचं. एलजीत छर्रे सहा-सात, पण एकेक नऊ मिलिमीटरचा. एसजीत नऊ, जरा बारीक. डुकराच्या कातड्याला जड छर्रा हवा, हे सगळे मान्य करतात. पण अंधारात, तुरीच्या दाटीत, सहापैकी किती छर्रे डुकराला लागणार आणि किती तुरीला, इथे भांडण सुरू व्हायचं. मग कोणीतरी म्हणायचं, ‘बाजारात जे मिळंल ते भरायचं, आन् काय!’ मला वाटतं, आमच्या भागातला काडतुसांचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो.

‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे परवानेवाल्यांना मी विचारून पाहायचो. दहातल्या नऊ जणांना माहीत नसायचं. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअर. पौंड म्हणजे आपले जवळजवळ ३९ तोळे, म्हणजे एक गोळी सव्वातीन तोळ्यांची, आणि नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं.

नळी आणि गोळा जुळवण्याची कटकट आमच्या जिल्ह्याला जुनीच आहे. विजापूरला बुरुजावर बसलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली, पण पुढे ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीने ती विजापूरला नेली. तिचं तोंड सव्वादोन फुटांहून रुंद. तिचा गोळा नळदुर्गच्या उपळी बुरुजावरच्या तोफांना काय कामाचा? लढाईत तोफ सापडली आणि तिच्या मापाचा गोळा नसला, तर ती नुसती धातूची रास.

हीच गोष्ट इंग्रजांनी कायद्यात घातली. १८५७ नंतर त्यांनी धसका घेतला होता. हिंदी पलटणींना गोऱ्या शिपायांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हे त्यांचं धोरण. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा आपल्यांकडे जुनी स्नायडर. मार्टिनी ही एकबारी रायफल: खालचा खटका ओढायचा, काडतूस घालायचं, बार काढायचा, की पुन्हा पहिल्यापासून. काडतुसात शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची आणि काळी दारू. पुढे त्याच मार्टिनीवर नवी नळी चढवून तिला .३०३ चं काडतूस दिलं. सांगाडा तोच, पण गोळी निम्म्याहून हलकी आणि पल्ला लांब.

१९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी घातली. हेतू सरळ होता. मार्टिनीचं काडतूस .४५० चं, आणि फौजेतून चोरलेली गोळी बंडखोराच्या बंदुकीत चालता कामा नये. त्यावर लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? मापं थोडी सरकवली. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ आणली, इतरांनी .४७०, .४७५, .४७६. वाघासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला .४५० आणि .४६५ मधला फरक काय कळणार? तो फरक बघायचा टेबलावरच्या माणसाने.

.३०३ चंही तसंच झालं. ती फौजेची, म्हणून खासगी माणसाला नको. तिच्या जागी शिकारी रायफलींसाठी ऑस्ट्रियाचं आठ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस पुढे आलं. मूळ तेही लष्करीच, पण दुसऱ्या देशाच्या लष्कराचं, म्हणून चाललं. आपल्याकडे त्याचं नाव पडलं .३१५. दोन आकड्यांत फरक एका इंचाच्या हजार भागांपैकी बारांचा, म्हणजे ०.३ मिलिमीटर. पण नळकांडी वेगळी: .३०३ चं ५६ मिलिमीटर लांब आणि बुडाशी सडपातळ, .३१५ चं ५० आणि बुडाला जाड. ईशापूरच्या कारखान्यात आजही .३१५ च्या रायफली होतात. ऑस्ट्रियाने ते काडतूस कधीच सोडलं, आपण अजून धरून आहोत.

या भागाने .३०३ पाहिली ती वेगळ्याच दिवसांत. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि तिथे निजामाच्या पायदळाशी लढाई झाली. माझ्या लहानपणी घरातली मोठी माणसं त्या आवाजाची नक्कल करून दाखवायची.

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा शस्त्र कायदा गेला, १९५९ चा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. भीती मात्र तीच राहिली. .३०३ किंवा ७.६२ ची सरकारी गोळी ज्या रायफलीत बसेल, ती निषिद्ध बोअर. पीकसंरक्षणासाठी पहिला हक्क ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी. शेतकऱ्याने काय भरायचं, हे डुकराआधी कलम १३ ठरवणार. ठासणीवाला दारू, छर्रे, चिंध्या गजाने ठासून वर टोपी लावणार. पावसाची एक सर आली की सगळं मुसळ केरात. एकनळीवाल्याचंही फार बरं नव्हतं. जुनी काडतुसं कागदी. बालाघाटावर आषाढात हवा अशी ओली की कागद फुगायचा आणि काडतूस अर्ध्यावर अडायचं. अनुभवी माणूस दिवस असतानाच प्रत्येक काडतूस नळीत घालून काढून बघायचा, आणि सुरळीत जाणारी वेगळी बांधायचा. त्यात एलजी किती आणि एसजी किती, हा मग नशिबाचा भाग.

आता माझी चूक सांगतो. परवान्यांची नवी पुस्तकं लिहिताना भूमकडच्या एका पाटलांच्या पुस्तकात मी .३१५ ऐवजी .३०३ लिहिलं. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. पुढे निवडणूक आली आणि सगळ्यांनी शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली. हवालदाराने पुस्तक वाचलं आणि पाटलांना बाकड्यावर बसवून ठेवलं: निषिद्ध बोअर, खासगी माणसाकडे! हवालदाराच्या स्वतःच्या खांद्यावर होती .४१० ची मस्केट. .३०३ च्याच रायफलीची नळी गुळगुळीत करून, मॅगझिनमध्ये लाकूड ठोकून एकबारी केलेली, आणि तिचं काडतूस .३०३ चंच नळकांडं सरळ करून बनवलेलं. पोलिसांसाठी काढलेली खास चीज. ती मस्केटही कायद्याच्या त्याच यादीत निषिद्ध आहे, हे त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पाटील माझ्या टेबलासमोर उभे. धोतर, टोपी, चेहऱ्यावर राग नाही. खिशातून एक काडतूस काढून त्यांनी ते वहीवर उभं केलं.

‘सायेब, ह्याचं बूड बघा.’

मी पहिल्यांदाच खरं काडतूस हातात घेत होतो. वाटलं त्यापेक्षा जड. पितळ काळवंडलेलं, टोकाला मऊ शिसं उघडं. बुडावर इंग्रजीत के आणि एफ: किरकी फॅक्टरी, म्हणजे आपल्या खडकीचा १८६९ सालचा कारखाना.

‘थ्री नॉट थ्री सरकारची. ही गरिबाची थ्री फिफ्टीन.’

‘पाटील, चूक माझी आहे.’

‘व्हय, पर बाकड्यावर मी बसलो ना!’

मी लाल शाईने दुरुस्ती केली, साहेबांची सही आणली, शिक्का मारला. ते काडतूस मात्र त्यांनी लगेच उचललं नाही. चहा होईपर्यंत ते माझ्या वहीवर उभं होतं, आणि मी टेबलाला धक्का लागू नये म्हणून जपत होतो.

पुढे पाटील वारल्यावर त्यांचा मुलगा रायफल जमा करायला आला. त्याला ती नको होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली होतीच, आणि दसऱ्याला पूजेपुरती ती कशाला सांभाळायची? मी पुस्तकाचं मागचं पान उघडलं. काडतुसांची खरेदी एकूण एकच, दहाची, आणि तीही कायदा येऊन चार वर्षं झाल्यावरची. मुलाने रुमाल सोडून टेबलावर काडतुसं मांडली. मी मोजली. सात.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रकान्यात ‘सात’ लिहिलं आणि त्याला सहीची जागा दाखवली.