ओव्हन न पेटवता : स्टॉकहोम, नोव्हेंबर 1951

दुपारचे साडेतीन वाजलेत आणि बाहेर दिवेलागण झालीय. स्लुसेन स्थानकात तुम्ही गाडीत चढता. ही भुयारी रेल्वे 1 ऑक्टोबर 1950 ला सुरू झाली, म्हणजे अजून नवलाईतच आहे. भुयारी म्हणायची एवढंच. स्कान्सतुल मागे पडलं की उरलेला रस्ता उघड्यावरूनच. शेवटचं स्थानक ह्योकारेंगन. तिथे झाडांमधून डोकावणाऱ्या नव्याकोऱ्या कामगार वसाहतीतल्या एका इमारतीचा जिना तुम्ही चढता. दारातच बूट काढायचे. ते सांगावं लागत नाही, आपल्यालाही ती सवय आहेच.

स्वयंपाकघर लहान, पण उबदार आहे. खिडकीला दुहेरी काचा, खाली रेडिएटर. शेगडीवर सकाळची कॉफीची किटली तशीच आहे, तळाशी काळा गाळ साचलेला. ही उरलेली कॉफी कुणी मोरीत ओतणार नाही. 1940 च्या वसंतात कॉफी रेशनवर गेली. 1945 ला सुटली, 1947 ला पुन्हा अडकली आणि आत्ता कुठे, याच वर्षी, मोकळी झाली. मधली वर्षं या घरच्या बाईंनी चिकोरी आणि भाजलेल्या धान्याचं काळं पाणी पिऊन काढली. म्हणून खऱ्या कॉफीचा चमचाभर उरला तरी त्या तो कपात जपून ठेवतात.

टेबलापाशी त्यांची सात वर्षांची मुलगी बाह्या सरसावून उभी आहे. आजचा खाऊ ती करणार आहे. तिला सुरी लागणार नाही, आग लागणार नाही, म्हणून आईला घोर नाही. तुम्हाला हात धुवायला सांगून ती मापं पुढे करते. इथे वाट्या-चमच्यांचा अंदाज चालत नाही. शंभर मिलिलिटरचं, म्हणजे एक डेसिलिटरचं माप प्रत्येक घरात असतं.

शंभर ग्रॅम लोणी सकाळपासून बाहेर ठेवलंय, बोट लावलं की दबतं. त्यात एक डेसिलिटर दाणेदार साखर घालायची. पिठीसाखर नको, दाताखाली कचकच यायला हवी. साखर नि लोणी लाकडी चमच्याने फेसलं की तीन डेसिलिटर ओट्स, तीन मोठे चमचे कोको, चमचाभर व्हॅनिला-साखर. शेवटी मुलगी कपातली गार कॉफी दोन मोठे चमचे मोजून घालते. कॉफी गारच हवी, गरम असली तर लोणी वितळून सगळं सैल पडेल.

आता हात घाला. सुरुवातीला मिश्रण भुसभुशीत लागतं, बोटांतून निसटतं. चार-सहा वेळा मळलं की तळव्यांच्या उबेने लोणी पसरतं, कोको ओला होऊन गडद दिसू लागतो. रव्याच्या लाडवाइतकाच दाब द्यायचा आणि अक्रोडाएवढा गोळा वळायचा. फरक एवढाच की तुपात पाणी नसतं, लोण्यात असतं. ते पाणी आणि कॉफी ओट्स शोषून घेतात आणि मऊ होतात. ओट्स कच्चे खायचे का, ही शंका मनात आली असेल तर काढून टाका. ते वाफवून, लाटून चपटे केलेले असतात. गोळे जाड दाण्यांच्या साखरेत किंवा खोबऱ्याच्या किसात घोळवून ताटलीत मांडायचे आणि ताटली खिडकीबाहेरच्या थंडीत तासभर ठेवायची.

तेवढ्या वेळात आई सांगते : महायुद्धाच्या काळात गव्हाचं पीठ मोजून मिळायचं, तेव्हा ओट्स कामी यायचे. असले गोळे त्या टंचाईतूनच रुजले, असं आजही सांगितलं जातं. शेजारच्या डेन्मार्कमध्येही ते होतात. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात स्वीडनचेच ओट्स जहाजं भरभरून इंग्लंडला जात, तिथल्या घोड्यांसाठी. घोड्यांचा चारा माणसांच्या पोरांचा खाऊ झाला.

गोळा हातावर ठेवताना मुलगी त्याचं नाव सांगते आणि तुमचा चेहरा पडतो. काळ्या माणसांना हिणवणारा शब्द त्या नावात आहे. तिला ते ठाऊक नाही. पुढची कित्येक दशकं तो शब्द बेकऱ्यांच्या पाट्यांवरही राहणार आहे. आजच्या स्वीडनमध्ये याला शोक्लादबोल म्हणतात आणि त्यात काहीच बिघडलेलं नाही, चव तर मुळीच नाही.

खाऊन बघा. आधी साखर कुरकुरते, मग लोणी विरघळतं, कोको जिभेवर येतो आणि अगदी शेवटी कॉफीचा कडवटपणा. तो नसता तर हा नुसता गोड गोळा झाला असता.

आता परत या. आजही हा गोळा स्वीडनच्या जवळपास प्रत्येक कॅफेत, पेट्रोल पंपावरच्या दुकानातही मिळतो आणि 11 मे हा त्याचा दिवस म्हणून पाळतात. बऱ्याच स्वीडिश पोरांनी स्वतःच्या हाताने केलेला पहिला पदार्थ हाच असतो. चव चांगली आहेच, पण तो टिकला तो मुख्यतः या सोपेपणामुळे, असं माझं मत आहे.

तुमच्या घरी करायचा झाला तर माप तेच ठेवा. आपल्याकडे खिडकीबाहेर उकाडा, म्हणून गोळे तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि खाईपर्यंत तिथेच राहू द्या. साधे चपटे ओट्स घ्या, मसाल्याचे नकोत. लोणी मिठाचं असलं तर उत्तमच. मुलांसाठी करताना कॉफीऐवजी दूध घातलं तरी चालतं. मोठ्यांसाठी करत असाल तर मात्र कॉफी वगळू नका, आणि वळायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या.