जुनी कार घेताय? १८ टक्के जीएसटीची भीती किती खरी आणि खरा खर्च कुठे असतो?

‘बारा लाखांना घेतलेली कार नऊ लाखांना विकली, तर तीन लाखांच्या तोट्यावरही १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५४ हजार रुपये सरकारला!’

असा हिशोब मांडणारे मेसेज आणि मीम्स डिसेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपवर धडाधड फिरले. थोड्याफार फरकाने ते आजही फिरतात. छत्रपती संभाजीनगरात जुनी गाडी बघायला गेलात तर एखादा एजंट हाच हिशोब तोंडी ऐकवतो आणि किमतीत पंधरा-वीस हजार वाढवून सांगतो. वर म्हणतो, ‘साहेब, आता जीएसटी वाढलाय ना.’

जीएसटी वाढला हे खरं आहे. मेसेजमधला हिशोब मात्र चुकीचा आहे.

नेमकं काय बदललं?

२१ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. तोपर्यंत जुन्या गाड्यांसाठी दोन दर होते. मोठ्या गाड्यांना, म्हणजे ठरावीक इंजिन क्षमतेच्या आणि चार मीटर किंवा त्याहून लांब पेट्रोल-डिझेल कार आणि मोठ्या एसयूव्हींना, १८ टक्के दर होता. बाकी सगळ्या गाड्यांना १२ टक्के. परिषदेने हे दोन दर एक करून सरसकट १८ टक्के केले आणि इलेक्ट्रिक गाड्याही त्यात घेतल्या. त्याची अधिसूचना १६ जानेवारी २०२५ रोजी निघाली.

म्हणजे मोठ्या गाड्यांसाठी काहीच बदललं नाही. वाढ झाली ती छोट्या हॅचबॅक, छोट्या सेडान आणि इलेक्ट्रिक कारवर.

हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर लागत नाही. विकणारा जीएसटी नोंदणी असलेला व्यावसायिक असेल, तर तो त्याच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकावर लागतो.

उदाहरण घ्या. जालना रोडवरच्या एखाद्या डीलरने एक छोटी कार ४ लाखांना घेतली आणि तुम्हाला ४ लाख ६० हजारांना विकली. त्याचं मार्जिन ६० हजार. जुन्या १२ टक्के दराने कर झाला असता ७,२०० रुपये, आता १८ टक्क्यांनी होतो १०,८००. वाढ झाली ३,६०० रुपयांची. पूर्ण किमतीवर १८ टक्के धरले तर आकडा ८२,८०० येतो. घाबरवणारे मेसेज याच आकड्याच्या जवळपास फिरत असतात.

डीलरच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. गाडी घेतल्यावर तो डेंटिंग-पेंटिंग करतो, टायर बदलतो. हा खर्च मार्जिनमधून वजा होत नाही. त्यामुळे कागदावर त्याचा नफा जास्त दिसतो आणि कर त्यावर बसतो. तरीही पाच लाखांच्या आतल्या गाडीत जीएसटीमुळे वीस हजार वाढले असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्याकडून बिल मागा. बिल म्हटलं की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

घरची गाडी विकली तर?

नोकरदार माणसाने घरची गाडी शेजाऱ्याला, मित्राला किंवा डीलरला विकली तर जीएसटी नाही. नफ्यात विकली तरी नाही, तोट्यात विकली तरी नाही. बारा लाखांच्या गाडीचे नऊ लाख आले, तर ५४ हजार सोडा, चोपन्न रुपयेही भरायचे नाहीत.

व्यावसायिकांचं गणित थोडं वेगळं आहे. समजा वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका लघुउद्योजकाने कार धंद्याच्या नावावर घेतली आणि दरवर्षी आयकरात तिचा घसारा दाखवला. घसारा वजा जाता गाडीची हिशोबातली किंमत ३ लाख उरली आणि ती साडेतीन लाखांना विकली गेली. तर ५० हजारांच्या फरकावर ९ हजार रुपये जीएसटी येतो. तीच गाडी पावणेतीन लाखांना गेली तर मार्जिन उणे, म्हणून कर शून्य. मीम बनवणाऱ्यांचा गोंधळ झाला तो इथेच.

इलेक्ट्रिक कारबाबत मात्र तक्रारीला जागा आहे. नव्या इलेक्ट्रिक कारवर जीएसटी ५ टक्के आणि जुनी विकणाऱ्या डीलरच्या मार्जिनवर १८ टक्के. एकाचा आधार पूर्ण किंमत, दुसऱ्याचा फक्त मार्जिन, त्यामुळे रुपयांत जुन्या गाडीवरचा कर कमीच भरतो. पण वापरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांचा बाजार नुकता कुठे उभा राहत असताना त्यांचा दर वाढवणं अनेकांना पटलेलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ नंतर भाव करताना

या तारखेपासून नव्या छोट्या कारवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतची डिझेल कार, लांबी चार मीटरपर्यंत, अशी ‘छोटी कार’ची व्याख्या आहे. जुन्या गाड्यांचा दर तसाच राहिला.

तरी त्याचा परिणाम जुन्या बाजारावर होतो. करापूर्वी ५ लाखांच्या छोट्या पेट्रोल कारवर आधी उपकरासह २९ टक्के कर होता, म्हणजे ती ६ लाख ४५ हजारांना पडायची. आता ५ लाख ९० हजारांना पडते. नवी गाडी ५५ हजारांनी उतरली असेल तर दोन वर्षं वापरलेल्या गाडीला जुन्या शोरूम किमतीच्या हिशोबाने भाव कशाला द्यायचा? विकणारा जुनं बिल दाखवेल. तुम्ही आजचं कोटेशन सोबत न्या.

एमएच २० पासिंगच्या गाडीवर रोड टॅक्स पुन्हा लागतो का?

नाही. महाराष्ट्रात खासगी कारचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरला जातो. गाडी राज्यातल्या राज्यात, खासगी माणसाकडून खासगी माणसाकडे गेली, तर तो पुन्हा भरावा लागत नाही. गाडी एमएच २० ची असो, जालन्याच्या एमएच २१ ची किंवा पुण्याची. नावावर करण्याचं सरकारी शुल्क केंद्राच्या नियमांनुसार खासगी कारसाठी ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे वेगळे. एजंट जे काही हजार मागतो त्यात सरकारी भाग एवढाच असतो.

आणखी एक खर्च आधी बघून ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली नसेल तर आरटीओत नाव बदलण्याचं काम अडतं. कारसाठी दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. तो विकणाऱ्याकडूनच करून घेतलेला बरा.

दुसऱ्या राज्याच्या गाडीत खरी मेख

हैदराबाद, इंदूर किंवा दिल्ली पासिंगची गाडी इथल्यापेक्षा स्वस्त दिसते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या गाड्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. पण अशी गाडी एमएच २० वर आणायची तर महाराष्ट्राचा एकरकमी कर इथे भरावा लागतो.

महाराष्ट्रात नव्या पेट्रोल कारवर किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के कर आहे. डिझेलवर १३ ते १५. सीएनजी आणि एलपीजीवर ७ ते ९ होता, तो १ जुलै २०२५ पासून प्रत्येक टप्प्यावर एक टक्क्याने वाढला. जुन्या गाडीला यातला काही हिस्सा लागतो. गाडी जितकी जुनी, तितका कमी. हिशोब तुम्ही दिलेल्या किमतीवरून होत नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून होतो. ८ लाखांच्या पेट्रोल कारवर नवेपणी ८८ हजार कर झाला असता. ती चार-पाच वर्षांची असेल तरी उरलेला कर काही किरकोळ नसतो. ‘इंदूरला साठ हजारांनी स्वस्त मिळाली’ असं म्हणण्याआधी आरटीओतून हा आकडा काढा.

आधीच्या राज्यात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. मात्र अर्ज त्याच राज्यात करायचा, आणि पैसे मूळ मालकाने भरलेले असतात. परतावा कुणाचा हे सौद्यातच लिहून घ्या. नंतर फोन कुणी उचलत नाही.

मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी, हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ती कोणत्या आरटीओसाठी दिली आहे तेही वाचा.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ‘दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिने तशीच चालवता येते’ असं सांगितलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ मधली ही मुदत नव्या नंबरसाठी आहे. विकत घेतलेली गाडी नावावर करण्यासाठी कलम ५० मध्ये खरेदीदाराला ३० दिवसच दिले आहेत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर विकली असेल तर ४५ दिवसांत कळवायचं असतं.

पंधरा वर्षं झालेली मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज कार घेतल्या होत्या. साधारण ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. त्या गाड्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये पंधरा वर्षं झाली.

हे वय महत्त्वाचं आहे, कारण खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांचीच असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क आधी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५,००० झालं. आयात केलेल्या कारला ४०,०००. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांचा वेगळा टप्पा झाला, त्यात कारला १०,००० आणि आयात कारला ८०,००० रुपये. यावर जीएसटी वेगळा.

शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या खासगी गाड्यांना २०१० पासून पर्यावरण कर आहे. तो पाच वर्षांसाठी एकदम भरतात. म्हणून चौदा वर्षांची गाडी ‘एकदम कडक’ आणि फारच स्वस्त मिळत असेल, तर आरसीवरची वैधतेची तारीख पाहा. वर्षभरात नूतनीकरण, पर्यावरण कर आणि फिटनेससाठी करावी लागणारी कामं, सगळं तुमच्या खिशातून जाणार असतं.

नावावर केली नाही तर?

तर विकणारा अडकतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. गाडी अनेक हातांतून फिरली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्या मालकाचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर टाकली. कित्येक वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची ई-चलानं आजही जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतात, ती याचमुळे.

डीलरला गाडी देताना यावर एक उपाय आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन विभागाकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं आहे. मालकाने फॉर्म २९ सी ने पोर्टलवर गाडी दिल्याची नोंद केली की पुढच्या विक्रीपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. चलान, अपघात, कागदपत्रं, सगळ्याची जबाबदारी त्याची. डीलर अधिकृत नसेल आणि कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या मागत असेल, तर सही करू नका. त्या कागदांवर पुढे कुणाचं नाव आणि कोणती तारीख लिहिली जाईल, हे तुम्हाला कळणार नाही.

खरेदीदाराने विम्याकडेही बघायचं असतं. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे नाव बदलताना विमा कंपनी थोडी जास्त रक्कम मागेल, तीही गाडीच्या किमतीत धरून ठेवा.