औषधज्ञान डेटाबेस
औषधज्ञान डेटाबेस हा औषधांचे घटक, मात्रा, परस्परक्रिया व वर्ज्य अवस्था यांचा संगणकाला तपासता येणारा संग्रह होय. रुग्णालयात डॉक्टर संगणकावर औषध लिहितात तेव्हा प्रणाली ते रुग्णाच्या नोंदींशी ताडून पाहते आणि धोका दिसल्यास इशारा देते. क्षुल्लक इशारे फार झाल्यास महत्त्वाचेही डावलले जातात. महाराष्ट्रातील काही आदिवासी समाजांत जी-६-पीडी या विकराची कमतरता आढळते. अशा रुग्णास हिवतापावरील प्रायमाक्विन दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. मात्र ही कमतरता तपासून नोंदवलेली नसेल, तर उत्तम डेटाबेसही गप्प राहतो. राज्यातील शासकीय रुग्णालयांसाठी वापरात आलेली सी-डॅकची ई-औषधी प्रणाली मुख्यतः खरेदी, साठा व वितरण सांभाळते. औषध शिल्लक आहे का, हे तिच्यावरून कळते, ते रुग्णास चालेल का, हे नव्हे.