हॉप्स कोणते निवडायचे? नावाआधी पाकिटावरचा आकडा बघा

लोअर परळच्या एका मायक्रोब्रुअरीत माझा मित्र काम करतो. त्याला रेसिपीचा हिशेब मोबाइलवर करता यावा म्हणून मी एक शीट बनवून दिली होती. एकदा कॅस्केड हॉप्स संपले, म्हणून त्याने २० लिटरच्या चाचणी बॅचमध्ये तेवढेच, म्हणजे ४० ग्रॅम सिट्रा टाकले. बिअर कडूजहर! चूक माझी होती. शीटमध्ये हॉप्सचं नाव बदलायचं, पण अल्फा ॲसिडचा आकडा मी कायमचा ६ टक्के टाकून ठेवला होता.

हॉप्स काय करतात?
हॉप्स म्हणजे एका वेलीची सुकवलेली फुलं. त्यांतलं अल्फा ॲसिड उकळल्यावर कडवटपणा देतं. सुगंध तेलांमुळे येतो, पण जास्त उकळलं की तो उडून जातो.

कोणत्या जातीत किती अल्फा? (साधारण आकडे)
• साझ (चेक): ३ ते ४.५ टक्के, सौम्य मसालेदार, लागरसाठी
• कॅस्केड (अमेरिका, १९७२): ४.५ ते ७ टक्के, पपनसासारखा वास
• सिट्रा (अमेरिका): ११ ते १४ टक्के, लिंबू-आंब्याचा वास
• मॅग्नम (जर्मनी): १२ ते १४ टक्के, वास कमी, कडवटपणासाठी

हिशेब कसा करायचा?
कडवटपणा आयबीयूमध्ये मोजतात. ६० मिनिटं उकळलं तर साधारण २३ टक्केच अल्फा कामी येतं. ४० ग्रॅम कॅस्केडमध्ये ६ टक्के, म्हणजे २४०० मिलिग्रॅम अल्फा. त्याचे २३ टक्के ५५२. भागिले २० लिटर, म्हणजे सुमारे २८ आयबीयू. सिट्रा १२ टक्क्यांचं असेल तर थेट ५५! २० ग्रॅम पुरले असते.

मग निवड कशी?
नुसता कडवटपणा हवा असेल तर मॅग्नम सुरुवातीला टाका. सुगंध हवा असेल तर कॅस्केड किंवा सिट्रा शेवटच्या ५-१० मिनिटांत. पाकिटावर हंगामाचं वर्षही बघा. मुंबईच्या उकाड्यात उघडं पाकीट लवकर खराब होतं, म्हणून ते हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा.

घरी करून बघायचंय?
महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं बेकायदेशीर आहे. मी लालबागच्या घरी फक्त हॉप्सचा काढा करतो: कपभर गरम पाण्यात चिमूटभर हॉप्स, ५ मिनिटं झाकण, मग गाळून वास घ्यायचा. यीस्ट नाही, अल्कोहोल नाही, आणि दोन जातींतला फरक लगेच कळतो.

आणि हो, शीट दुरुस्त केली आहे. आता अल्फाचा रकाना रिकामा असेल तर ती उत्तरच देत नाही.