बाद आणि जिवंत

श्रोतेहो, हुतुतूच्या अंगणात उभ्या असलेल्या मुलाला दोन शब्दांचे मोल फार असते. एक ‘मेला’ आणि दुसरा ‘जिवंत’. आज या दोन शब्दांविषयीच आपणांशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

महाराष्ट्रात हुतुतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू अशा नावांनी हा खेळ गावोगाव चाले. नियम मात्र गावागणिक निराळे. मुख्य भेद होता तो बाद झालेल्या गड्याचे पुढे काय करावयाचे, यासंबंधी. गामिनी प्रकारात मेलेला गडी आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राही. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी मेला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. अमर प्रकारात बाहेर जाणेच नसे. गुण मोजावयाचा आणि खेळ पुढे चालवावयाचा.

या विविधतेला शिस्त लावण्यात आमच्या सुरतेपासून सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या बडोद्याचा वाटा मोठा आहे. तेथील हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. १९६१ साली विद्यापीठांच्या आणि १९६२ साली शाळांच्या क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. अखेर टिकला तो संजीवनीचाच नियम. मेलेल्याला पुन्हा संधी द्यावी, हा त्या नियमाचा आत्मा.

परंतु गंमत अशी की, खेळ संजीवनीचा झाला तरी आपल्या शालेय स्पर्धा बहुधा गामिनीच राहिल्या! बाद पद्धतीत सोळा संघ उतरले तर पंधरा सामने होतात आणि पंधरा संघ एकेका पराभवासरशी घरी जातात. त्यांपैकी आठ तर पहिल्याच फेरीत.

बाद पद्धत सर्वस्वी वाईट, असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील लहान महाविद्यालयांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांचा तेथे तिसरा विभाग असून, त्याच्या अमेरिकन फुटबॉलचे बाद सामने १९७३ साली सुरू झाले. त्या वर्षी चारच संघ होते. अंतिम सामन्यात ओहायोतील विटेनबर्गने पेनसिल्व्हेनियातील जुनिआटाचा ४१–० असा पाडाव केला. २०२४ साली संघांची संख्या ४० झाली; म्हणजे विजेता एक आणि पराभूत एकोणचाळीस. मात्र हे एकोणचाळीस संघ बाद होण्यापूर्वी सुमारे दहा सामने खेळलेले असतात. पराभव त्यांच्या वाट्याला येतो तो हंगाम पुरा भोगल्यानंतर.

आमच्याकडे २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीतही प्रथम साखळी आणि मग बाद फेरी, असाच क्रम आहे. म्हणजे मोबदला घेऊन खेळणाऱ्या निष्णातास अनेक सामने, आणि शिकणाऱ्या पोरास एकच! हा न्याय उफराटा नव्हे काय?

मी शिक्षक आहे. लिंबायत-उधना भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले माझ्या वर्गात बसतात. एका वर्षी आमचा संघ दोन महिने पहाटे सराव करून आंतरशालेय स्पर्धेस गेला आणि चाळीस मिनिटांच्या आत बाद झाला. हरण्याचे दुःख मुलांनी मुकाट्याने गिळले. परतताना एकाने एवढेच विचारले, “सर, आता पुन्हा केव्हा?” उत्तर होते, “पुढल्या वर्षी.” तो तेव्हा दहावीत होता. त्याला पुढले शालेय वर्ष नव्हतेच.

तेव्हापासून आम्ही शेजारच्या तीन शाळांना मिळवून छोटी साखळी चालवितो. चार संघ, सहा सामने. प्रत्येकाला तीन वेळा उतरण्याची संधी. खर्च म्हणाल तर चुन्याच्या रेघा आणि एक शिटी. चषक नाही, हारतुरेही नाहीत.

श्रोतेहो, अजिंक्यपद एकालाच मिळते आणि ते तसेच असावे. परंतु खेळ जिवंत राहतो तो हरलेल्यांच्या पुन्हा येण्याने. ज्यांनी हुतुतूला संजीवनीचा नियम दिला, त्यांना हे उमगले होते. त्यांनी एका गड्यासाठी जे केले, ते आपण साऱ्या संघासाठी करावे, इतकीच विनंती.