ज्यांच्या घरी ख्रिस्तसभा भरे: संत अक्विल्ला व संत प्रिस्किल्ला

आपल्या ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत धर्मग्रामात होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावली, मंदिराच्या बांधकामाची हकिकत व भगिनींच्या कार्याची माहिती वाचकांस इतरत्र मिळेलच. मिशनकार्याच्या इतिहासातील एखादे चरित्र आम्ही लिहावे अशी मंडळाची सूचना आली, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे नाव प्रथम मनात येणे साहजिक होते. परंतु त्यांच्याविषयी आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे. शिवाय मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे झगा घातलेला, आगबोटीतून उतरलेला कोणी पाद्री उभा राहतो. नवरा-बायको उभी राहत नाहीत. म्हणून आम्ही मुद्दाम एका जोडप्याची निवड केली आहे. ह्या उभयतांचा उल्लेख नव्या करारात सहा ठिकाणी येतो, आणि सहाही ठिकाणी दोघांचा मिळून येतो. एकट्या नवऱ्याचे किंवा एकट्या बायकोचे नाव एकदाही नाही.

अक्विल्ला हे जन्माने यहुदी, काळ्या समुद्राच्या दक्षिण तीरावरील पंत प्रांताचे. हा मुलूख आज तुर्कस्तानात मोडतो. तेथून ते रोमेस येऊन राहिले होते. प्रिस्किल्ला हे नाव अस्सल रोमन आहे; संत पौल मात्र आपल्या पत्रांत ते प्रिस्का असे लिहितो. मूळ नाव प्रिस्काच, व प्रिस्किल्ला हे त्याचे लाडके रूप, जसे आपल्याकडे सखुबाईची सखू होते. उभयतांचा धंदा राहुट्या करण्याचा होता.

इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसराने यहुद्यांस रोम सोडून जाण्याचा हुकूम फर्मावला. सुएटोनियस नावाच्या रोमन चरित्रकाराने ह्याचे कारण एका वाक्यात दिले आहे: कोणा ख्रेस्तुसच्या चिथावणीने यहुद्यांत वारंवार दंगे होत. हा ख्रेस्तुस म्हणजे दुसरा कोणी नसून ख्रिस्तुस हेच नाव रोमन लेखकाच्या कानावर चुकीचे पडले असावे, असे पुष्कळ विद्वान मानतात, व आम्हांसही तेच पटते. रोमेतील सभास्थानांत प्रभू येशूच्या नावाची घोषणा होऊ लागली होती, त्यावरून यहुद्यांत तट पडले, आणि सरकारने दोन्ही पक्षांस एकाच दारातून बाहेर काढले. त्या लोंढ्यात हे जोडपे होते.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांना विश्वास संत पौलाकडून मिळाला काय? संत लूक तसे म्हणत नाही. करिंथ येथे आपण स्वहस्ते कोणाकोणाचा बाप्तिस्मा केला हे पौलाने पुढे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नमूद केले आहे: क्रिस्प, गायस, आणि स्तेफनाच्या घरची मंडळी. त्या यादीत आपल्या जोडप्याचे नाव नाही. ह्यावरून आम्ही असे समजतो की, त्यांनी विश्वास रोमेहूनच बरोबर आणला होता. घरदार गेले, गिऱ्हाईक गेले, पण ही एक वस्तू कैसराच्या शिपायांना जप्त करता आली नाही.

आता करिंथ शहराविषयी दोन शब्द. रोमन लोकांनी ते ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये बेचिराख केले होते. पुढे ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते नव्याने वसविले. म्हणजे जुन्या नावाचे पण नव्या वस्तीचे असे ते शहर होते, आणि नव्या वस्तीत परक्याला जागा सापडते. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर ते वसले असून त्यास पूर्वेस किंख्रिया व उत्तरेस लेखेयॉन अशी दोन बंदरे होती. खलाशी, व्यापारी, गुलाम, सुटलेले गुलाम, सर्व देशांचे लोक तेथे येत. दर दोन वर्षांनी जवळच इस्थमस येथे मोठे क्रीडोत्सव भरत, व त्यासाठी लोटणाऱ्या समुदायाला राहुट्या लागत. कारागिराने धंदा मांडावा अशीच ती जागा होती. उत्खननात करिंथच्या चौकाच्या कडेने दुकानांच्या रांगाच्या रांगा उघड्या झाल्या आहेत.

अशा एखाद्या दुकानात संत पौल अथेन्सहून एकटाच आला. अथेन्सच्या पंडितांनी त्याचे म्हणणे हसण्यावारी नेले होते, आणि सीला व तीमथ्य हे सोबती अजून मागे मासेदोनियात होते. त्या स्थितीत त्याला प्रथम कोणी आसरा दिला? स्वतः निर्वासित असलेल्या ह्या नवरा-बायकोने. पौलाचा धंदाही तोच असल्यामुळे तो त्यांच्याकडे राहिला व त्यांच्याबरोबर कामास बसला. राहुट्या चामड्याच्या होत्या की पौलाच्या किलिकिया प्रांतात विणल्या जाणाऱ्या शेळीच्या केसांच्या जाड कापडाच्या, ह्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. आम्हांस त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती त्या कामाची रीत. दाभण व आरी चालविणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, पण तोंड व कान मोकळे असतात. हे काम ठोकाठोकीचे नव्हे. शेजारी बसलेल्याशी दिवसभर बोलता येते, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशीही. पौलाने करिंथकरांकडून आपल्या पोटासाठी काही घेतले नाही, हे तो पत्रांतून अभिमानाने सांगतो. तो अभिमान पौलाचा खरा. पण त्याला बसायला जागा, शिवायला काम आणि रात्री टेकायला कोपरा ज्यांनी दिला, त्यांचा वाटाही त्यात मोजला पाहिजे. प्रेषिताच्या भाकरीचा हिशेब कोणीतरी घरात करीत होते.

पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला. पुढे यहुद्यांनी त्याला सुभेदार गल्लियोपुढे खेचले व गल्लियोने तो खटला ऐकूनच घेतला नाही. हा गल्लियो तत्त्ववेत्त्या सेनेकाचा भाऊ. त्याच्या नावाचा उल्लेख असलेला क्लौद्य कैसराचा एक शिलालेख ग्रीस देशातील डेल्फी येथे सापडला व इ. स. १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून गल्लियोचा अंमल इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, आणि आपल्या कथेतील तारखा त्या एका दगडाच्या आधाराने उभ्या आहेत.

करिंथ सोडताना पौलाने ह्या जोडप्यास बरोबर घेतले. किंख्रियाच्या बंदरातून गलबत निघाले ते इफिसास लागले. तेथे पौलाने सभास्थानात एकदा भाषण केले. लोकांनी राहण्याचा आग्रह केला, तरी तो न राहता पुढे गेला, आणि अक्विल्ला-प्रिस्किल्ला ह्यांना इफिसात ठेवून गेला. संत लूकाने हे अर्ध्या ओळीत उरकले आहे, परंतु आम्ही येथे थोडे थांबू इच्छितो. ज्यांचे बस्तान करिंथला नुकते कोठे बसले होते, त्या दोघांनी तिसऱ्यांदा दुकान मोडून परमुलखात पुन्हा शून्यापासून मांडले, आणि ह्या वेळी त्यांना कोणी हाकलले नव्हते. पहिली हद्दपारी कैसराची होती, ही त्यांनी आपखुशीने पत्करली. पौल परत येईपर्यंत त्या प्रचंड शहरात, अर्तमी देवीच्या त्या जगप्रसिद्ध देवळाच्या छायेत, सुवार्तेची जबाबदारी दोघा तंबूवाल्यांवर होती.

ह्याच काळात अपुल्लोस नावाचा एक यहुदी इफिसास आला. तो अलेक्सांद्रियाचा, म्हणजे त्या काळच्या मोठ्या विद्यापीठाच्या गावचा. वक्ता उत्तम, शास्त्रात पारंगत. तो येशूविषयी आवेशाने बोलत असे, परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. सभास्थानात त्याचे भाषण ऐकून आपल्या जोडप्याच्या ध्यानात उणीव आली. त्यांनी काय केले पाहा. भर सभेत उठून त्याला खोडून काढले नाही, आणि हा विद्वान, आपण कारागीर, असे म्हणून गप्पही बसले नाहीत. त्याला आपल्याकडे बाजूला घेऊन त्यांनी देवाचा मार्ग त्याला अधिक बारकाईने समजावून दिला. सेमिनरीत वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यांनी हा प्रसंग अधूनमधून वाचावा, असे आम्हांस वाटते. अपुल्लोसाचा मोठेपणाही कमी नव्हे, कारण त्याने ऐकून घेतले. पुढे तो करिंथास गेला व तेथे त्याची कीर्ती इतकी झाली की काही लोक त्याच्या नावाने पक्ष काढू लागले. शिकवणाऱ्यांच्या नावाने मात्र पक्ष कोणी काढला नाही.

येथे नावांच्या क्रमाचा मुद्दा येतो. सहा उल्लेखांपैकी चारांत प्रिस्किल्लेचे नाव आधी आहे, दोनांत अक्विल्लाचे. अपुल्लोसाच्या प्रसंगात काही हस्तलिखितांत हा क्रम उलटा आढळतो, परंतु प्राचीन प्रतींत, तसेच संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात प्रिस्किल्लाच प्रथम आहे. त्या काळच्या रिवाजात नवऱ्याचे नाव आधी घेत. संत योहान ख्रिसोस्तोम ह्याने ह्या दांपत्यावर दोन प्रवचने केली, त्यांत त्याने हा क्रम हेरला व तो सहजासहजी झालेला नाही असे म्हटले. प्रिस्किल्ला कुलीन घराण्यातील असाव्यात म्हणून असे लिहिले गेले, असेही एक मत आहे. आम्हांस ते फारसे पटत नाही. ज्या पौलाला करिंथात कुलीनांचे कौतुक नव्हते, तो पत्रात घराणे पाहून क्रम लावील, हे संभवत नाही. विश्वासाच्या कामात त्या पुढे होत्या, हेच साधे कारण दिसते.

इफिसहून लिहिलेल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल ह्या दोघांचा नमस्कार कळवितो, व त्यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेचाही. ख्रिस्तसभा हा शब्द ऐकताच आपल्या मनात मनोरा, घंटा व वेदी येते. त्या काळी ह्यांपैकी काहीही नव्हते. पूजेसाठी मुद्दाम सिद्ध केलेली जी अगदी जुनी वास्तू आज आपणांस ठाऊक आहे, ती फरात नदीकाठच्या दूरा-युरोपोस येथील असून तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे; आणि तीही मुळात एक राहते घरच होते, भिंत पाडून मोठे केलेले. तोपर्यंत भाकर मोडण्याचा पवित्र विधी कोणाच्या तरी घरातच होई. म्हणजे अक्विल्लाच्या दुकानातील कापडाचे गठ्ठे शनिवारी सायंकाळी भिंतीकडे सारले जात असतील, प्रिस्किल्ला दिवे लावीत असतील, आणि गुलाम व मालक एकाच चटईवर बसत असतील. आपल्या इकडील कित्येक गावांतही मंदिर उभे राहण्यापूर्वी पवित्र मिस्सा कोणाच्या तरी पडवीतच होत असे. धर्मगुरू घोड्यावरून महिन्यातून एखादे वेळी येत. मधल्या दिवसांत प्रार्थना मास्तर व त्यांची बाई चालवीत. स्मरणिकेत धर्मगुरूंच्या तसबिरी छापतात, पडवीची तसबीर कोणी काढून ठेवलेली नसते.

इ. स. ५४ मध्ये क्लौद्य कैसर मरण पावला व यहुद्यांस रोमेत परत जाण्यास वाट मिळाली. त्यानंतर तीन-चार वर्षांनी पौलाने रोमकरांस जे पत्र लिहिले, त्याच्या शेवटल्या अध्यायात सलाम सांगण्याची लांब यादी आहे, आणि तिच्या अगदी आरंभी आहेत प्रिस्का व अक्विल्ला. म्हणजे ते रोमेस परतले होते, आणि तेथेही त्यांच्या घरी ख्रिस्तसभा भरत होती! आपल्या प्राणासाठी ह्या दोघांनी स्वतःची मान धोक्यात घातली, असे पौल तेथे सांगतो, व केवळ आपणच नव्हे तर परराष्ट्रीयांतील सर्व ख्रिस्तसभा त्यांच्या ऋणी आहेत असे म्हणतो. हा प्रसंग कोणता, ते त्याने उलगडून सांगितलेले नाही. रोमकरांस ते माहीत असावे. आमचा अंदाज इफिसाकडे वळतो. देमेत्रिय सोनाराने रुप्याच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसतो म्हणून जो दंगा उठविला, त्यात जमाव दोन तास घोषणा देत नाट्यगृहात दाटला होता, आणि इफिसात आपण जणू श्वापदांशी झुंजलो असे पौल अन्यत्र लिहितो. तेव्हा पौलाला लपविणारे कोणी असणारच.

प्रेषिताकडून हे ऋण इतक्या ठसठशीतपणे क्वचितच कोणाच्या नावे मांडले गेले आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी ७ फेब्रुवारी २००७ रोजी आपले सार्वजनिक भाषण ह्याच दांपत्यावर केले, व परराष्ट्रीयांपर्यंत विश्वास पोहोचला तो प्रेषितांमुळेच नव्हे, तर अशा कुटुंबांमुळेही, हे स्पष्ट सांगितले.

रोमेस आव्हेंटाइन टेकडीवर संत प्रिस्का ह्या नावाचे प्राचीन मंदिर आहे. ते ह्या दांपत्याच्या घराच्या जागी उभे आहे अशी जुनी परंपरा सांगते. इ. स. १९३४ मध्ये त्याच्याखाली मिथ्र देवाचे एक देऊळ उजेडात आले. संत प्रिस्का नावाची एक कुमारी रक्तसाक्षीही असल्यामुळे त्या जागेच्या परंपरेत दोन्ही नावांची सरमिसळ झाली आहे, म्हणून त्यावर अधिक भर देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

खात्रीचा शेवटला उल्लेख तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील आहे. ते पत्र बंदिवासातील पौलाचे; जवळचे काही त्याला सोडून गेलेले, हिवाळा तोंडावर आलेला. तीमथ्य त्या वेळी इफिसात होता असे समजतात. म्हणजे राहुट्यांचे ते दुकान पुन्हा एकदा समुद्रापलीकडे गेले होते. पत्राच्या शेवटी पौल सलाम सांगतो, त्यात पहिले नाव प्रिस्काचे व दुसरे अक्विल्लाचे. ख्रिस्तसभा ह्या दोघांचे स्मरण ८ जुलै रोजी, एकाच दिवशी, करते.